तीन मिनिटं पंधरा सेकंद

खोली भाड्यानं मिळण्याआधी मला तीन मिनिटं पंधरा सेकंद गप्प बसून दाखवावं लागलं होतं.

भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या एका शाळेत मी नुकतीच विज्ञान शिकवायला लागले होते. दर शनिवारी नागपूरला घरी पळायचं, म्हणून स्टेशनाच्या गावी, वरठीत राहायचं ठरवलं. कोणीतरी हे घर सांगितलं. दार उघडलं ते साठी ओलांडलेल्या, उंच, किंचित पोक काढून उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी. अंगात बनियन, खाली हाफपँट आणि गळ्यात दोरीला बांधलेला थर्मामीटर. मला वाटलं डॉक्टर असतील. पुढे कळलं की तो थर्मामीटर पाण्याचा आहे.

"मॅडम, खोली मंग पाहा," ते म्हणाले. "पयले ह्या खुर्चीवर बसा. मी सांगेपर्यंत बोलू नका."

"काहून?"

"झालं. हारले तुमी. पुन्हा."

मी पुन्हा बसले. ते घड्याळाकडे बघत होते आणि स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची बायको माझ्याकडे बघत होती, इंजेक्शन घ्यायला आलेल्या पोराकडे बघतात तशी. शेवटी त्यांनी मान वर केली. "चालते. याच्या आधीचे गुरुजी दीड मिनिटात खोकलले."

अशी मला खोली मिळाली. पुढे चार वर्षं मी त्या घरात राहिले, त्यांना काका म्हणत राहिले आणि काकूंच्या हातचं जेवत राहिले. खोकला आला की मात्र अंगणात जाऊन खोकायची सवय लागली ती अजून गेलेली नाही.

भानगड अशी होती की काका घरी रोल धुवायचे. रोल म्हणजे कॅमेऱ्याचे, फिल्मचे, रंगीत. आता फोटो मोबाइलमध्ये काढतात आणि मोबाइलमध्येच विसरतात, पण काका त्या धंद्यात होते तेव्हा रोल धुणं हे काम होतं. स्टेशनजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. इथल्या स्टीलच्या कारखान्यात कामाला लागणारा प्रत्येक माणूस गेट पासचा फोटो काढायला सायकल स्टँडला लावून त्यांच्याकडे यायचा. काका त्याला स्टुलावर बसवून सांगायचे, "श्वास सोडा. पुरा सोडा. आता घेऊ नका." आणि खटका दाबायचे. त्यामुळे त्या कारखान्याच्या जुन्या पासांवर सगळी माणसं नुकतंच पोतं खाली ठेवल्यासारखी दिसतात. मी दोनचार पास पाहिलेत. आमच्या शाळेचा शिपाई त्याच कारखान्यातून निवृत्त झालेला होता, तोही तसाच.

मोबाइल आले आणि स्टुडिओ बंद झाला. काकांनी सगळं सामान घरी आणलं आणि ते मोरीत मांडलं. घरात मोरी एकच होती.

त्या सामानात मुख्य होतं ते मशीन. नागपूरची एक फोटोची लॅब बंद पडली तेव्हा तिच्या भंगारातून काकांनी ते उचलून आणलं होतं. एक लांबट प्लास्टिकचा टब, त्यात कोमट पाणी. पाण्यात एक काळा बंद डबा आडवा ठेवायचा, ज्याच्या पोटात फिल्म गुंडाळलेली असते. मग मोटर लावली की तो डबा अर्धा पाण्यात, अर्धा वर, असा लोळत राहतो. आठ वेळा इकडे, आठ वेळा तिकडे. त्यानं आतलं औषध फिल्मला सगळीकडे सारखं लागतं. मूळ मोटर जळाली होती म्हणून काकांनी काकूंच्या शिलाई मशीनची मोटर काढून तिथे बसवली आणि वेग कमी करायला सायकलची दातेरी चाकं लावली. काकू तेव्हापासून पायानं मशीन चालवतात. मशीनला त्या म्हैस म्हणायच्या. आंघोळीला जाण्याआधी दारातून विचारायच्या, "बसली का म्हैस बोडीत, का आंग धुऊन घेऊ?"

बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं लहान तळं. म्हशी त्यात कशा लोळतात ते पाहिलं असेल तर काकूंना दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं.

पहिल्या औषधाला, म्हणजे डेव्हलपरला, बरोबर अडतीस अंशांवर बरोबर तीन मिनिटं पंधरा सेकंद लागतात. कमी झालं तर फोटो मेलेला, जास्त झालं तर जळालेला. तेवढा वेळ घरात कोणी बोलायचं नाही, असा नियम होता. काकांनी हाच काळ जगातल्या सगळ्या गोष्टींना लावून टाकला होता. स्टेशन घरापासून चार डेव्हलपर चालत. भात शिजायला पाच डेव्हलपर. शेजारच्या घरचं भांडण दर वेळी अकरा डेव्हलपरच्या आत मिटतं, असं त्यांनी मोजून ठेवलं होतं. मला एकदा ताप आला तेव्हा त्यांनी माझ्या कपाळाला हाताची मागची बाजू लावली आणि म्हणाले, "अडतीस पॉइंट दोन. रोल धुवायले चालते, शाळेत जायले नाई." डॉक्टरकडे मोजला तर तेवढाच होता.

पाण्याच्या बाबतीत त्यांना आपल्या जिल्ह्याचा फार अभिमान. "ज्या लोकायनं हे मशीन बनवलं ना मॅडम, त्यायच्या देशात पानी तापवा लागते. आपल्याले थंडं करा लागते. कोन पुढे हाय?" छपरावर काळी टाकी होती. चैत्रात काही दिवस असे यायचे की सकाळी अकराच्या सुमारास त्या टाकीचं पाणी नळाला थेट अडतीस अंशांचं येई. तापवणं नाही, बर्फ नाही. काका वर्षभर रोल फ्रिजमध्ये साठवून ठेवायचे आणि त्या दिवसांत धुवायचे. लोकांचा धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, आषाढात, यांचा चैत्रात. त्या दिवसांत ते लवकर निजायचे, कमी खायचे आणि पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवायचे.

रोल यायचे कुठून? नागपूर-पुण्याकडच्या हौशी पोरापोरींकडून. जुन्या कॅमेऱ्यांचं खूळ पुन्हा आलं होतं आणि काकांचा पत्ता त्यांच्यात फिरत होता. काका रोल धुवून परत पाठवायचे आणि सोबत एक चिठ्ठी, सुवाच्य अक्षरात. "फोटो नं. ९ : मांजर. फोटो नं. १० : तेच मांजर. फोटो नं. १४ : कायले काढला? फोटो नं. २२ : पाय कोनाचा आहे ते कळवावे." मला वाटायचं, अशानं हे लोक पुन्हा रोल पाठवणार नाहीत. ते चिठ्ठीसाठीच पाठवायचे. एका मुलीनं तर पाय कोणाचा ते कळवलंही होतं, पायाच्या मालकाच्या सहीनिशी.

फक्त लग्नाचा रोल ते घेत नसत. पाकिटावर 'लग्न' असा शब्द दिसला की न उघडता परत. गावात लोक म्हणायचे, काहीतरी नवस आहे. मला त्याचं कारण कळायला सहा महिने लागले, आणि ते दोन गोष्टींतून कळलं. एक चहा आणि दुसरी हॉलमधली चौकट.

त्या घरात चहा नेहमी फिका यायचा. सगळ्यांचाच. सोबत साखरेचा डबा आणि चमचा, ज्याला हवी त्यानं घालून घ्यावी. पाहुणे घालून घेत. मीही घ्यायचे. काका मात्र तसाच फिका प्यायचे, आणि पिताना चेहरा असा करायचे की हा माणूस फिक्या चहाचा शौकीन नाही हे आंधळ्यालाही दिसावं. गंमत म्हणजे मी तिथे असताना एका दिवाळीत त्यांना शुगर निघाली. तीस वर्षं फिका चहा प्यालेल्या माणसाला शुगर निघावी, याचा त्यांना मनापासून राग आला. डॉक्टरनं गोड बंद केलं तेव्हा ते म्हणाले, "चालू कधी होतं?"

आणि हॉलमध्ये जिथे लोकांच्या घरी नवरा-बायकोचा लग्नातला फोटो असतो, तिथे एक चौकट होती. तिच्यात काचेखाली नारिंगी रंगाच्या, अगदी कोऱ्या फिल्मच्या पट्ट्या एकाखाली एक लावलेल्या. संत्र्याच्या गोळीचा कागद असतो ना, तो रंग. मी पहिल्यांदा विचारलं, "काकू, हे काय आहे?"

"आमचं लग्न," काकू म्हणाल्या आणि भाजी निवडत राहिल्या.

मग एका दुपारी, काका वीजबिलाच्या कामानं भंडाऱ्याला गेलेले असताना, त्यांनी सगळं सांगितलं. लग्न झालं तेव्हा रंगीत रोल धुवायला सगळे स्टुडिओवाले रेल्वेनं नागपूरला पाठवायचे. पण काका म्हणाले, माझ्या लग्नाचा रोल परका माणूस धुणार? लग्नाच्या चौथ्या दिवशी ते स्वतः बसले. त्या वेळी मशीन नव्हतं, डबा हातानंच फिरवायचा. काकू सिहोऱ्याच्या. नवीन घर, नवीन माणूस, चार दिवसांत एक शब्द बोलणं झालेलं नाही. सासूनं सांगितलं, जा, चहाचं विचारून ये.

"म्या दारात उभी राहून इचारलं, चहात साखर किती घालू जी? लग्नानंतरचं माझं पयलं बोलनं, बापा. यायनं वर पाह्यलं माझ्याकडं. पाहतच राह्यले. अन् पाहता पाहता हातानं दुसरी शिशी वतली. जे औषध मंग घालाचं ते पयले घातलं."

त्याचा अर्थ मला काकांनी एकदा वेगळ्या संदर्भात समजावला होता. दुसरं औषध आधी पडलं तर ते फिल्मवरचं सगळं धुवून नेतं. मागे कोरी नारिंगी पट्टी राहते. कडेला कंपनीनं छापलेले आकडेसुद्धा उरत नाहीत. "आकडे असले अन् फोटो नसले, तं कॅमेऱ्याची चूक," ते म्हणाले होते. "आकडेच नसले, तं धुनाऱ्याची."

हॉलमधल्या चौकटीत आकडे नव्हते.

"मंग?" मी काकूंना विचारलं.

"मंग का! दोन दिवस बोलले नाई. माझ्यावर नाई चिडले, ते खोटं सांगनार नाई. सोतावरच. ते पट्ट्या यायनंच टांगल्या भितीवर. अन् साखरेचं उत्तर राहूनच गेलं. म्या मंग फिकाच चहा देत गेली, डबा बाजूले ठेवून. लागन तेवढी घेतीन म्हनलं. यायनं कधी घेतली नाई. मी पुन्हा इचारलं नाई. पोरगी असती तं तिले दाखवाले तरी फोटो पाह्यजे होता. आता मलेच पाहाचा हाय, मी कशी दिसत होती ते. इसरली मी."

हे बोलताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. हलला असता तर मला इतकं वाईट वाटलं नसतं.

त्यानंतरच्या दिवाळीत सिहोऱ्याहून काकूंचा भाऊ आला. धानाचा शेतकरी, शांत माणूस, मोटरसायकलवरून उतरला तो पोटाशी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा धरून. डबा त्यानं काकांच्या पुढ्यात ठेवला. आत धानाचा कोंडा आणि कोंड्यात एक रोल. गुंडाळलेला, वापरलेला, न धुतलेला.

गोष्ट अशी होती की लग्नाच्या दिवशी हा मेहुणा कामात लुडबूड करू नये म्हणून काकांनी त्याच्या हातात आपला लहान कॅमेरा दिला होता. कॅमेरा परत आला तो रिकामा. काका समजले, यानं रोल घातलाच नसेल, आणि तेव्हा कोणाला काही विचारण्याच्या मनःस्थितीत ते नव्हतेच.

"जवाईबुवा, तुमीच सांगतलं होतं ना जी," भाऊ म्हणाला, "का रोल थंड्या, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवजो. आमच्या घरी तशी जागा ढोलीच."

ढोली म्हणजे धान साठवायची मोठी कणगी. रोल त्यानं तिच्या तळाशी ठेवला आणि वरून धान पडलं. त्यांच्या घरी रीत अशी की ढोली कधी पूर्ण रिकामी करायची नाही, तळाला थोडं धान राहू द्यायचं, म्हणजे घरातली बरकत जात नाही. दर वर्षी त्या तळाच्या धानावर नवीन धान. यंदा उंदरांनी ढोली फोडली म्हणून ती पहिल्यांदाच खरवडून काढली.

"तीस वर्षं?" काका म्हणाले.

"तुमी कधी काढजो, ते नाई सांगतलं."

"अन् आमचे सारे फोटो गेले, ते तं ऐकलं होतं ना तू?"

"ऐकलं होतं. पन मले वाटलं, मोठ्या कॅमेऱ्याचे नाई आले, तं लहान्या कॅमेऱ्याचे का येतीन."

काकांनी डब्याचं झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं.

काकूंनी डब्यातून रोल उचलला, पदरानं पुसला आणि काकांच्या हातात दिला. "धुवा."

"नाई."

तो 'नाई' पाच महिने टिकला. रोल फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याशेजारी होता. काकांची कारणं रोज बदलायची. येवढ्या जुन्या रोलला वेळ किती द्यायचा ते कोणत्याच पुस्तकात नाही. औषधाची ही खेप कच्ची आहे. पावसाळा येऊन राहिला आहे, असं ते माघात म्हणाले. एकदा म्हणाले, मुंबईला एक मोठी लॅब आहे म्हणतात, तिकडे पाठवू.

"तवा परका मानूस चालत नव्हता," काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या. "आता कुठून आला परका मानूस?"

मी विज्ञानाची शिक्षिका, म्हणून मध्यस्थी करायला गेले. म्हणाले, "काका, हजारो रोल धुतले तुम्ही. एक चुकला." ते मोरीच्या उंबऱ्यावर बसले होते. म्हणाले, "मॅडम, जो चुकला थो तिचा होता. हाही तिचाच हाय. बाकीचे मांजरीयचे होते." मग बराच वेळ थर्मामीटर बनियनला पुसत राहिले. त्यांना भीती वाटत होती. एवढा साधा शब्द मला तोपर्यंत सुचला नव्हता.

चैत्र लागला तशी त्यांनी तालीम सुरू केली. जुने फुकट गेलेले रोल आणि औषधाऐवजी पाणी. लाल झाकणाची शिशी पहिली, निळ्या झाकणाची दुसरी. लाल, मग निळी. दिवसातून चार वेळा. जेवताना त्यांचे ओठ हलायचे, "लाल, लाल, लाल." शेवटी एका सकाळी टाकीचं पाणी हातावर घेऊन ते म्हणाले, "आज." आणि निळ्या झाकणाची शिशी त्यांनी काकूंच्या हातात दिली.

"हे तू धर. मी मागतल्याशिवाय देजो नको."

"बरं."

"अन् पयल्यानं मागतली, तरी देजो नको."

काकूंनी शिशी दोन्ही हातांनी धरली आणि मोरीच्या दाराशी पाटावर बसल्या. स्टॉपवॉच माझ्याकडे होतं. रविवार होता, तरी त्या आठवड्यात मी नागपूरला गेले नव्हते. काकांनी काळ्या कापडाच्या, बाह्या असलेल्या पिशवीत हात घातले. फिल्मला उजेड लागू नये म्हणून ती त्या पिशवीतच डब्याच्या चक्रीवर गुंडाळायची असते, डोळ्यांनी न बघता, नुसत्या बोटांनी. पिशवीही काकूंनीच शिवलेली. तीस वर्षं आवळून बसलेली फिल्म पुन्हा पुन्हा वळून यायची. काकांच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. बऱ्याच वेळानं डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला.

डबा मशीनवर चढला. मोटर सुरू झाली. म्हैस लोळायला लागली. काकांनी बोट वर केलं, म्हणजे आता बोलणं बंद.

मग त्यांनी न बघता काकूंकडे हात पसरला आणि स्वतःच नियम मोडून म्हणाले, "दे."

लाल शिशी त्यांच्या गुडघ्याशी होती. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

मी ओरडणार होते. पण त्या घरात इतके दिवस काढल्यावर घशातून आवाज निघत नाही. काकूंनी निळी शिशी नुसती छातीशी धरली आणि हनुवटीनं लाल शिशीकडे खूण केली. काकांनी आपल्या पसरलेल्या हाताकडे पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते मी मोजलं नाही, स्टॉपवॉच अजून सुरू करायचं होतं. पण या वेळी पाहता पाहता त्यांचा हात भलतीकडे गेला नाही. तो हळूच मागे आला, लाल झाकण उघडलं आणि पहिलं औषध पहिल्यांदा पडलं.

मी बटण दाबलं. मिनिटभर झालं असेल, आणि वीज गेली.

मोटर थांबली. काकांनी लगेच डब्याला हात घातला, पण डबा अडखळत, धक्के खात फिरत होता, आणि असा फिरला की फोटोवर पट्टे उमटतात हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. काकूंनी निळी शिशी माझ्या मांडीवर ठेवली, पाट पुढे ओढला आणि काकांचा हात बाजूला करून स्वतः फिरवू लागल्या. आठ इकडे, आठ तिकडे. एकसारखं, संथ. शिलाई मशीनचं चाक हातानं सावरायची सवय असलेल्या बाईचा हात होता तो. काका नुसते बोटांनी आकडे दाखवत होते. मी स्टॉपवॉच त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. तीन पंधराला त्यांनी मूठ मिटली, औषध ओतून दिलं आणि माझ्याकडे हात केला. मी निळं झाकण दोनदा तपासून शिशी दिली.

पुढचं सगळं सरळ होतं. पाणी, परत पाणी, शेवटचं औषध. डबा उघडला तेव्हा बारा वाजून गेले होते. काकांनी ओली फिल्म दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात उलगडली, आणि फोटोंकडे न बघता आधी तिची कड डोळ्यांजवळ नेली.

"आकडे आले," ते म्हणाले. "एक. दोन. अडीच नाई, तीन. पुसट हाये, पन आले." आणि खाली बसले.

"आकडे नाई पाहाचे मले," काकू म्हणाल्या. "मानसं दाखवा."

माणसं फार नव्हती. तीस उन्हाळ्यांनी बराचसा रोल खाऊन टाकला होता. धुरकट, तांबूस, काही जागी नुसता डाग. नऊ फोटो ओळखता येत होते. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, उजेड तिथे काळोख. पण काकूंना तीस वर्षांत ते वाचायची सवय झाली होती.

"हा कोन हात वर करून?"

"मी."

"ह्याच्यात?"

"मीच."

"अन् मी कुठी हाओ?"

"माझ्या हाताच्या मागं."

मेहुणा चुकीच्या जागी उभा राहून फोटो काढत होता आणि नवरा मुलगा प्रत्येक वेळी पंजा उंचावून त्याला सांगत होता की उजेडाकडे तोंड करू नको, मागं सर. नऊपैकी आठ फोटोंत तो पंजा बरोबर नवरीच्या तोंडावर आलेला होता.

"म्हंजे दोन्ही वेळा तुमीच," काकू म्हणाल्या.

"हो."

नवव्यात हात खाली होता. मुंडावळ्यांखाली एक मुलगी मान किंचित वळवून शेजारच्या माणसाकडे बघत होती आणि तोंडावर हात न ठेवता हसत होती. बहुतेक त्या पंजालाच हसत असावी. काकू त्या टिचभर चौकोनाकडे इतका वेळ बघत राहिल्या की फिल्मचं पाणी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळलं. "दात दिसून राह्यले माझे," त्या म्हणाल्या. "मायनं बजावलं होतं, दात दिसू देजो नको." मला रडू आलं. मी खिडकीतून बाहेर बघितलं, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

त्या फोटोची मोठी प्रत आता हॉलमध्ये आहे. नारिंगी चौकट काढायची नाही असं काकूंनी ठरवलं, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी आहेत. माझी बदली झाली, तरी स्टेशनवर गाडीला वेळ असला की मी जाऊन येते. लग्नाचे रोल काका आता घेतात. चिठ्ठीत लिहितात, "नवरदेवाने हात खाली ठेवावा."

पण त्या दुपारचं अजून थोडं राहिलं आहे. फिल्म दोरीला वाळत घातली होती. आम्ही तिघं हॉलमध्ये बसलो होतो. पंखा बंद, वीज आलेली नव्हती. काकू चहा ठेवायला उठल्या. दारापर्यंत गेल्या असतील तोच काका जमिनीकडे बघत म्हणाले, "दोन चमचे."

काकू वळल्या. "का दोन चमचे?"

"साखर. तू इचारलं होतं."

काकू उभ्याच राहिल्या. "आता सांगून राह्यले? डाक्टरनं मागच्याच्या मागच्या दिवाळीत बंद केली साखर तुमची."

"माहीत हाय."

त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. थोड्या वेळानं ट्रे आला, त्यात तीन कप होते. साखरेचा डबा नव्हता. काकांनी एक घोट घेतला, थांबले, कपाकडे पाहिलं, आणि मग दुसरा घेतला. काकू समोर बसून त्यांच्याकडे बघत होत्या. माझा कप मी तोंडाला लावला. चांगला गोड होता.

त्यानंतर तीन मिनिटं पंधरा सेकंद त्या घरात कोणी काही बोललं नाही.